रिअ‍ॅक्शन आल्यावर वही कोणी उघडायची?

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद,
नवी दिल्ली

महोदय,


रक्त चढवताना रुग्णाला रिअ‍ॅक्शन आली तर काय करायचे, हे आपल्याकडे लिहिलेलेच नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. बॅग ताबडतोब बंद करा, शीर जाऊ न देता सलाइन चालू ठेवा, डॉक्टरांना बोलवा, रक्तपेढीला कळवा, बॅग सेटसकट परत पाठवा, दुसऱ्या हातातून नवे सॅम्पल घ्या, पहिली लघवी जपून ठेवा आणि नोंदी तपासा. माझे पत्र या शेवटच्या कामाबद्दल आहे. बाकी प्रत्येक कामाला माणूस ठरलेला असतो. बॅग सिस्टर बंद करते, सॅम्पल ती नाहीतर इंटर्न घेतो, ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्ट डॉक्टर सांगतात, बॅग खाली न्यायला मामा असतात. नोंदी तपासायला मात्र मी जिथे जिथे पाहिले तिथे नेमका माणूस दिसला नाही. वॉर्डाला वाटते रक्तपेढी तपासेल. रक्तपेढीला वाटते वॉर्डाने तपासूनच फोन केला असेल.

मी महाराष्ट्रात रक्तपेढीत टेक्निशियन होते. निवृत्तीनंतर मुलीकडे तामिळनाडूत कुंभकोणमला राहते. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे टपालाने येतेच आहे. मराठीतून जाहीरपणे लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की हा प्रश्न कावेरीकाठी जितका आहे तितकाच गोदावरीकाठी आहे, आणि रक्ताची बॅग आणायला धावणारे नातेवाईक दोन्हीकडे सारखेच गोंधळलेले असतात.

नोंदी तपासायच्या म्हणजे काय, ते वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगते. एका बॅगेमागे बरेच कागद असतात. वॉर्डातून आलेला मागणी अर्ज, रुग्णाच्या रक्ताचा बल्ब आणि त्यावरची चिठ्ठी, रक्तपेढीतले क्रॉसमॅचचे, म्हणजे रक्त जुळवून पाहिल्याचे, रजिस्टर, इश्यू रजिस्टर, बॅगेवरचे लेबल, बॅगेला बांधलेला टॅग, आणि पुन्हा वॉर्डात केसपेपर व मनगटावरची पट्टी. लेबलाचे रंग ठरलेले आहेत: ओ गटाला निळा, ए गटाला पिवळा, बी गटाला गुलाबी, एबीला पांढरा. रंगांमुळे काम सोपे होते आणि नेमके तिथेच माणूस फसतो. रंग बॅगेतल्या रक्ताचा गट सांगतो, खाटेवरच्या माणसाचा सांगत नाही.

चूक तीन जागी होऊ शकते. पहिली खाटेजवळ, सॅम्पल घेताना. दोघींचे रक्त एकापाठोपाठ काढले, बल्ब खिशात टाकले आणि टेबलावर येऊन चिठ्ठ्या चिकटवल्या, की अदलाबदल व्हायला क्षण लागत नाही. दुसरी जागा रक्तपेढी. गट वाचताना, रजिस्टरात उतरवताना किंवा फ्रिजमधून बॅग काढताना तिथे हात चुकू शकतो. तिसरी जागा पुन्हा खाटेजवळ, बॅग लावताना. बारा नंबरच्या खाटेची बॅग एकवीसला लागते.

आता गंमत पाहा, आणि ती गंमत नाही. पहिल्या जागची चूक रक्तपेढीच्या कुठल्याही वहीत दिसणार नाही. बल्बवर नाव लक्ष्मीचे, आत रक्त सरस्वतीचे. रक्तपेढी त्या रक्ताचा गट अचूक काढते, अचूक बॅग जुळवते, अचूक नोंद करते. रिअ‍ॅक्शननंतर वही उघडली तर अक्षर न् अक्षर बरोबर सापडेल. ही चूक कळते ती नव्या सॅम्पलचा गट जुन्या सॅम्पलशी ताडून पाहिला तर, आणि सॅम्पल कोणी घेतले, चिठ्ठी कुठे लावली, हे वॉर्डात जाऊन विचारले तर. तिसऱ्या जागची चूकही रक्तपेढीला दिसत नाही, कारण तिने दिलेली बॅग योग्यच होती. दुसऱ्या जागची चूक उलट वॉर्डाला दिसत नाही, कारण टॅग आणि लेबल एकमेकांशी जुळतात. प्रत्येक चूक एकाच बाजूने दिसते. म्हणून एका माणसाने सगळ्या नोंदी तपासाव्यात हा आग्रह मुळातच पोकळ आहे. जबाबदारी वाटलीच पाहिजे. फक्त ती कुणाकुणाला दिली, हे रात्री दोन वाजता कोणाला विचारावे लागू नये.

एका रात्रीचे सांगते. गाव आणि रुग्णालय सांगत नाही. वॉर्डातून फोन आला, बारा नंबरला थंडी भरली आहे, कंबर दुखते म्हणतात. ड्युटीवरच्या टेक्निशियनने बॅग नंबर विचारला. सिस्टरने शेवटचे तीन आकडे वाचून दाखवले. त्याने इश्यू रजिस्टर उघडले, आकडे जुळले, तो म्हणाला, "बरोबर आहे." सिस्टरने केसपेपरवर लिहिले, "रक्तपेढीने तपासले, बरोबर." बॅग सकाळी ड्युटी बदलताना आली. सेट काढून टाकलेला, सोबत साधा बल्ब नाही, लघवी तर नाहीच. सकाळच्या पाळीला मी गेले तेव्हा ती टेबलावर पडून होती आणि रजिस्टरात त्या रात्रीपुरते प्रकरण मिटलेले होते. नेमके काय तपासले गेले होते? जी बॅग दिली तीच बॅग लागली, एवढेच. ती योग्य बाईला लागली का, हे कोणी पाहिले नव्हते. ती रिअ‍ॅक्शन साध्या तापाची निघाली, बाई बरी होऊन घरी गेली, आणि म्हणूनच त्या रात्रीबद्दल पुढे कोणी अवाक्षर काढले नाही. रिअ‍ॅक्शन पुष्कळदा अशीच किरकोळ असते. ती किरकोळ आहे हे ठरवायला मात्र नोंदी तपासाव्या लागतात. आपल्याकडे उलटे होते. ताप उतरला म्हणजे नोंदी बरोबर.

आणि यापेक्षाही मोठा मुद्दा दुसऱ्या रुग्णाचा आहे. दोन बल्बांची किंवा दोन बॅगांची अदलाबदल झाली असेल, तर थंडी भरलेला रुग्ण ही चुकीची एकच बाजू असते. दुसरी बाजू दुसऱ्या कुठल्या तरी खाटेवर असते, आणि तिची बॅग कदाचित याच घटकेला लावली जात असते. ती बाई ऑपरेशन टेबलावर भुलीखाली असेल तर तिला थंडी वाजते हे ती सांगूही शकत नाही. जखमेतून रक्त झिरपत राहते, रक्तदाब घसरतो, लघवी लाल होते, आणि सर्जनला वाटते ऑपरेशनच अवघड आहे. त्या बाईपर्यंत जाणारा फोन कोणी करायचा? पहिल्या रुग्णाचे डॉक्टर नाही करणार, त्यांना दुसरी कोणी आहे हेच माहीत नसते. सिस्टर नाही करणार, दुसरी बाई तिच्या वॉर्डात नसेलही. त्या तासाभरात कोणत्या बॅगा कुठे गेल्या हे फक्त रक्तपेढीच्या टेक्निशियनला दिसते. पण चालू असलेली बॅग थांबवायला सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. हाताशी माहिती आणि हातात अधिकार नाही, अशी त्याची अवस्था असते.

कुंभकोणमला राहायला आल्यावर हे सगळे मला जास्त नेटके दिसले, कारण इथे अंतर आडवे येते. तंजावरला मेडिकल कॉलेज असल्यामुळे तंजावर जिल्ह्याचे मुख्यालय रुग्णालय इथे कुंभकोणमला आहे. पापनाशम, तिरुविडैमरुदूर तालुक्यांतली माणसे इथेच येतात. सरकारी रुग्णालयाशिवाय गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत, जशी ती आपल्याकडे बार्शीत किंवा कराडात असतात. छोट्या नर्सिंग होमची स्वतःची रक्तपेढी नसते. मग कोणत्याही तालुक्याच्या गावात होते तेच: नातेवाईक अर्ज आणि बल्ब घेऊन रक्तपेढीत जातात, थर्माकोलच्या डब्यात बॅग घेऊन स्कूटरवरून येतात. बॅगेचा प्रवास दोन संस्थांमधल्या रस्त्यावरून होतो, आणि नोंदीही दोन संस्थांत फाटलेल्या असतात. रिअ‍ॅक्शन आली की बॅग परत न्यायची कोणी? त्याच जावयाने, त्याच स्कूटरवरून, सासूबाई थरथरत असताना. रक्त पोचवण्याच्या योजना आखताना परतीचा फेरा कोणी धरत नाही.

नावांचे म्हणाल तर इथे बहुतेकांना आडनाव नसते. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर आणि पुढे स्वतःचे नाव. प्रसूती कक्षात एकाच दिवशी दोन 'एस. लक्ष्मी' सापडणे ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नव्हे. आपल्याकडे तिहेरी नावाचा मोठा आधार वाटतो, पण 'सुनीता पवार' दोन निघाल्या की तोही तुटतो. गणिती रामानुजन ज्या गावात वाढला त्या गावात बसून लिहिते म्हणून नव्हे, पण अशा वेळी नावापेक्षा आकडा बरा. मनगटाच्या पट्टीवरचा दाखल क्रमांक आणि बॅगेचा पूर्ण क्रमांक. शेवटचे तीन आकडे नव्हेत.

जबाबदारी कागदावर सगळ्यांची आणि प्रत्यक्षात कोणाचीच नसली की काय होते, हे या गावाला सांगावे लागत नाही. १६ जुलै २००४ रोजी इथल्या शाळेच्या आगीत ९४ मुले गेली. १९९२ च्या महामहम स्नानात तलावाच्या काठी चेंगराचेंगरी झाली. बारा वर्षांनी येणारे हे पर्व याआधी २०१६ मध्ये झाले, आता ते २०२८ मध्ये येते आहे. त्या दिवशी लाखो माणसे एका तलावाभोवती असतात, त्यांत महाराष्ट्रातले यात्रेकरूही असतात. भाषा न कळणारा, बेशुद्ध, नातेवाईक हरवलेला रुग्ण आला तर त्याला नाव विचारून बॅग लावता येणार नाही, आणि रिअ‍ॅक्शन आली तर नाव विचारून नोंदही तपासता येणार नाही.

तामिळनाडूचेच एक प्रकरण आपल्यासमोर आहे, महोदय, आणि ते आपण विसरला नसाल. डिसेंबर २०१८ मध्ये विरुदुनगर जिल्ह्यातल्या सात्तूरच्या सरकारी रुग्णालयात एका गरोदर स्त्रीला ॲनिमियासाठी रक्त दिले गेले. रक्त शिवकाशीच्या सरकारी रक्तपेढीतून आले होते. ते एचआयव्हीबाधित होते. ज्या तरुणाने ते दिले होते, त्याच्या २०१६ च्या रक्तदानाच्या वेळीच बाधा दिसून आली होती, पण ती नोंद ना त्याच्यापर्यंत नीट पोचली, ना दोन वर्षांनी पुन्हा रक्त देताना आडवी आली. परदेशी नोकरीसाठी केलेल्या तपासणीत त्याला स्वतःला कळले आणि त्यानेच रुग्णालयाला येऊन सांगितले. म्हणजे वही उघडायला लावली ती रक्तदात्याने. तोवर रक्त चढून गेले होते. त्या तरुणाने पुढे जीव दिला. तंत्रज्ञांवर कारवाई झाली, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१९ मध्ये त्या स्त्रीला २५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही रिअ‍ॅक्शन नव्हती, संसर्ग होता. मला कबूल आहे. पण दुखणे तेच: नोंद होती, ती वाचण्याचे काम कोणाच्या नावावर नव्हते.

रक्तगटाच्या चुकीचा खटला हवा असेल तर चंडीगडच्या पीजीआयचा आहे. १९९६ साली भाजलेल्या, ए पॉझिटिव्ह गटाच्या एका स्त्रीला तिथे बी पॉझिटिव्ह रक्त दिले गेले. पुढे ती वारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००९ मध्ये न्यायालयाने रुग्णालयाचा निष्काळजीपणा मान्य करून भरपाई कायम ठेवली. न जुळणारे रक्त चढवणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा, असा त्या निकालाचा रोख आहे. न्याय झाला, तेरा वर्षांनी. पण न्यायालय भरपाई ठरवते. पहिली शंका आल्यावर कोणाच्या हातात कोणता कागद असायला हवा, हे त्याने ठरवावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. ते आपले काम आहे.

आणि इथे मला आपल्या दारातलीच गोष्ट बोलावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर आपली परिषद स्थापन झाली. रक्तपेढीचे परवाने आणि रजिस्टरे औषध नियम, १९४५ प्रमाणे औषध नियंत्रकांच्या ताब्यात. त्याच नियमांत २०२० मध्ये दुरुस्ती होऊन रक्तपेढीचे 'रक्त केंद्र' झाले. पाट्या बदलल्या, वह्या त्याच. रिअ‍ॅक्शन कळवण्यासाठी १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तो नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेकडे, आणि कळवणे ऐच्छिक. तीन दारे आहेत. त्या कार्यक्रमाच्या फॉर्ममध्ये कारकुनी तपासणीचा रकाना आहे, ही चांगली गोष्ट. पण तो कोणी भरायचा, वॉर्डाने की रक्तपेढीने, ज्याने क्रॉसमॅच केले त्यानेच की दुसऱ्याने, हे ज्या त्या रुग्णालयावर सोडलेले आहे. रुग्णालय ते रात्रपाळीवर सोडते. फ्रान्सने दूषित रक्ताच्या घोटाळ्यानंतर नव्वदच्या दशकात कायदा करून प्रत्येक रुग्णालयात हिमोव्हिजिलन्सचा एक जबाबदार माणूस नेमायला लावला. आपल्या २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात रुग्णालयांनी रक्तसंक्रमण समित्या नेमाव्यात असे आहे. समिती बसते, चहा होतो, इतिवृत्त लिहिले जाते. समितीला रात्री दोन वाजता फोन लावता येत नाही.

वह्यांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती. इथून चाळीसेक किलोमीटरवर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत, रोग्यांच्या डोळ्यांच्या चित्रांसह. राजे १८३२ साली वारले. म्हणजे आपल्याच मराठी घराण्यात, याच कावेरीच्या खोऱ्यात, रुग्णाची कहाणी कागदावर उतरवून जपण्याची शिस्त जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी होती. मराठी वाचकांना याचा अभिमान वाटतो आणि वाटावा. पण नोंद लिहिणे हा अर्धा भाग झाला. लिहिलेल्याशी शंका घेऊन पुन्हा भिडणे हा उरलेला अर्धा.

त्याचाही नमुना आपल्याच माणसांनी घालून दिला आहे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांच्यासमोर असे रक्त आले की ज्याच्या पेशी ओ गटासारख्या दिसत, पण ज्याचा सीरम ओ गटाच्या पेशींनाही जुमानत नव्हता. रजिस्टरात 'ओ' लिहून मोकळे होणे सोपे होते. ते मोकळे झाले नाहीत. १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला आणि 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगाला कळला. आजही अशा रुग्णाला चुकून ओ गटाचे रक्त लागले तर घात होतो, आणि केवळ पेशींवरून गट काढून सीरमची बाजू तपासली नाही तर वही त्याला 'ओ' म्हणूनच दाखवते. वहीत बरोबर आहे म्हणून बरोबर आहे, या उत्तराला केईएमच्या त्या टेबलावर जागा नव्हती.

आता माझे मागणे. मी यादी करत नाही, काम सांगते.

रिअ‍ॅक्शन आल्यावर, बॅग खाटेवरून हलण्याआधी, खाटेजवळची तपासणी व्हावी, आणि ती ज्या सिस्टरने बॅग लावली तिने करू नये. दुसऱ्या सिस्टरने यावे. पट्टीवरचा क्रमांक, केसपेपर, टॅग आणि लेबल मोठ्याने वाचावे. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याच्याच तोंडून नाव घ्यावे. 'तुम्ही लक्ष्मी ना?' असे विचारू नये, कारण थंडीने कुडकुडणारा माणूस कशालाही हो म्हणतो. सॅम्पल कोणी घेतले आणि चिठ्ठी खाटेजवळ लावली की टेबलावर, हे तिथल्या तिथे लिहावे. दोन ओळींचे काम आहे. एकाच सिस्टरची नाइट असेल तर इंटर्न, तोही नसेल तर शेजारच्या वॉर्डातली. कोणीही चालेल, पण लावणारी नको.

रक्तपेढीतही तोच नियम. क्रॉसमॅच ज्याने केला त्याने आपलीच नोंद आपण पडताळू नये. हा अविश्वास नाही. स्वतःचे अक्षर माणूस वाचत नाही, ते त्याला आठवते. यावर मला लगेच उत्तर मिळेल की रात्रपाळीला टेक्निशियन एकच असतो. खरे आहे, मीही एकटीने नाइट केल्या आहेत. मग फोन उचला. कुंभकोणमच्या टेक्निशियनने तंजावरच्या ड्युटीवरच्या टेक्निशियनला अर्जापासून इश्यूपर्यंतचे आकडे वाचून दाखवावेत, त्याने ते लिहून उलट वाचून दाखवावेत. नाव सांगायचे नाही, त्यामुळे रुग्णाची गुप्तताही राहते. कागदाचे हे काम चार-पाच मिनिटांचे. गट पुन्हा काढणे, कूम्ब्स चाचणी, पुन्हा क्रॉसमॅच हे त्यानंतर होईलच. त्यासाठी जुने सॅम्पल आणि बॅगेचा तुकडा लागतो, आणि ते दिल्यापासून सात दिवस जपायचा नियम आहेच. तो पाळला जातो की फ्रिज भरला म्हणून चौथ्या दिवशी फेकला जातो, हे तपासनीसांनी कधी तरी न सांगता येऊन पाहावे.

दुसऱ्या रुग्णासाठी मात्र मला नवा अधिकार हवा आहे. रिअ‍ॅक्शनचा फोन आला की त्या वॉर्डातून त्याच सुमारास आलेल्या सॅम्पलांवरच्या आणि त्याच सुमारास दिलेल्या सगळ्या बॅगा थांबवायला सांगण्याचा अधिकार टेक्निशियनला द्या. डॉक्टरांची परवानगी न घेता. तपासणी होईपर्यंत बॅग बंद राहिल्याने बहुतेक रुग्णांचे काही बिघडत नाही. ज्याचे बिघडेल, म्हणजे ज्याला रक्तस्राव चालू आहे, त्याला नवे सॅम्पल हाती येईपर्यंत ओ गटाच्या पेशी देता येतात. फोन उगीच ठरला तर सर्जन ओरडतील. ओरडू द्यावे.

आणि हे प्रकरण मिटले असे एकानेच लिहावे, ते म्हणजे रक्तसंक्रमण अधिकाऱ्याने. वॉर्डाचा कागद आणि रक्तपेढीचा कागद, दोन्ही समोर आल्याशिवाय त्यांनी सही करू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर मी वहीचे काम टाकलेले नाही, त्यांचे लक्ष रक्तदाबावर आणि लघवीच्या रंगावर असू द्या. नर्सिंग होममध्ये तो अधिकारी नसतो, म्हणून बॅग देतानाच इश्यू स्लिपवर दोन नावे आणि दोन फोन असावेत: नर्सिंग होमच्या बाजूने कोण उत्तर देणार आणि रक्तपेढीच्या बाजूने कोण. आठवड्याने घरी गेलेल्या रुग्णाला कावीळ दिसली, तरी फोन त्याच नंबरवर यावा. उशिरा येणारी रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा कोणाच्याच वहीत येत नाही.

एक अट मात्र मी आग्रहाने घालते. या तपासणीत सापडलेली चूक मेमोच्या फाइलीत जाऊ नये. खरे निष्काळजी कोण, याची चौकशी वेगळी होऊ द्या, वेगळ्या कागदावर. कंत्राटी टेक्निशियनला दिसले की चूक शोधली तर नोकरी जाते, तर तो चूक शोधणार नाही, 'बरोबर आहे' एवढेच सांगेल. त्या रात्री फोनवर तेच तर ऐकू आले होते.

याला पैसा लागत नाही. एक परिपत्रक लागते, आणि ते तिन्ही दारांनी मिळून काढावे लागते. कुंभकोणमला आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्यात ते आधी चालवून पाहा. नर्सिंग होम, स्कूटर, एकटा टेक्निशियन आणि दोन लक्ष्मी, सगळे इथे आहे. २०२८ च्या महामहमआधी ते जमले तर या गावाला उपयोगी पडेल.

तोवर वाचकांना एवढेच सांगते. बॅग घ्यायला जाल तेव्हा रक्तपेढीचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर आणि बॅगेचा पूर्ण क्रमांक स्लिपवर लिहून घ्या. आणि रुग्णाला थंडी भरली, कंबर दुखली किंवा हात जळजळला, तर सिस्टरना बॅग बंद करायला सांगून पुढचा प्रश्न हा विचारा: नोंदी कोण तपासतंय, त्यांचं नाव काय?

आपली,
एक निवृत्त रक्तपेढी टेक्निशियन
कुंभकोणम